दिवेलागणीनंतरचं विरजण

पुरानंतर दीड वर्ष आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. शेड नंबर सतरा. अण्णा, आई आणि मी, अशी तीन माणसं आत, आणि बाहेर एक म्हैस. म्हशी दोन होत्या, एक सीना नदीनं नेली. दुसरी तिसऱ्या दिवशी आपण होऊन परत आली आणि जिथं आमचं घर होतं त्या चिखलात जाऊन उभी राहिली. तिला बघून आई पहिल्यांदा रडली. घर गेलं तेव्हा रडली नव्हती.

अण्णा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. घराच्या पुढच्या खोलीत तारा गुंडाळायचं मशीन होतं, तांब्याच्या तारेची रिळं होती, भिंतीवर खडूनं गिऱ्हाइकांची नावं होती. पाणी ओसरल्यावर मशीन सापडलं, पण ते गाळानं भरलेल्या रांजणासारखं झालं होतं. अण्णांनी ते उचलून शेडच्या दाराशी आणून ठेवलं. रोज सकाळी त्याचा दांडा फिरवून बघायचे. दांडा फिरत नव्हता.

आईनं पुरात काय वाचवलं, तर माझं बी.ए.चं प्रमाणपत्र. रेशनकार्ड राहिलं, गॅसचं पुस्तक राहिलं, पण ते प्रमाणपत्र तिनं लुगड्यात गुंडाळून डोक्याला बांधून नेलं. खालच्या आळीतली ती पहिली पदवी. मी हे मोठेपणानंच सांगते. ज्या घरात त्याआधी कुणी दहावीसुद्धा पाहिली नव्हती, त्या घरानं मोठेपणा करायचा नाही तर कुणी? विषयही समाजशास्त्र. नोकरी मात्र नव्हती. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दुधाचं माप आणि फॅट लिहायचं काम करत होते.

शेडवर तेव्हा रोज कुणीतरी कागद घेऊन यायचं. काय गेलं, किती गेलं, आधार नंबर काय. आईला उत्तरं पाठ झाली होती. "एक म्हस, दोन पोती जवारी, भांडी समदी, मोटारीचं मशीन," असं ती शाळेतल्या कवितेसारखं एका दमात म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. लिहिणाऱ्याचं तोंडही बघायची नाही.

त्या माघात आतार मॅडम आल्या.

नगरच्या जुन्या भागात राहणाऱ्या, कॉलेजात समाजशास्त्र शिकवून निवृत्तीला आलेल्या. संकटात उठलेली गावं पुन्हा गाव कशी होतात, की होतच नाहीत, हा त्यांचा अभ्यास. वय पंचावन्नच्या पुढं, उंची बेताची. सलवार-कमीज, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पायात पोरं पळायला घालतात तसले बूट. पेन दोरीनं गळ्यात अडकवलेलं, कारण "ठेवलेलं पेन मला आयुष्यात परत भेटलेलं नाही." दाढेत कायम एक लवंग.

आईनं बाज पुढं सरकवली. "बसा बाई."

"बसते ना," म्हणाल्या, आणि बसल्या नाहीत. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, पत्र्याला हात लावला, म्हशीच्या पाठीवर थाप मारली, परत आल्या. आई कवितेला सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मंदाताई, पुरानंतर घरात पहिलं दही कधी लागलं?"

आई थांबली. "दही?"

"हं. विरजण कुठून आणलं?"

आईला हसू आलं. "आवो बाई, घर गेलं ते इचारा की! दह्याचं काय घिऊन बसलाय?"

"घर गेलं ते मला दिसतंय. दही कुठून आलं ते दिसत नाही."

आईनं पदरानं कपाळ पुसलं. मग इकडं-तिकडं बघून म्हणाली, "म्हायेराहून आनलं." मॅडमनी लिहिलं. चहा उभ्यानं घेतला, अर्धा ठेवला आणि पुढच्या शेडकडं निघाल्या. मला त्यांचा राग आला. मनात म्हटलं, तीन वर्षं मी हा विषय शिकले, जातिव्यवस्था शिकले, कुटुंबसंस्था शिकले. दही कुठल्या पेपरात होतं?

त्यांचं म्हणणं मला कळायला आठवडा गेला. पुरात सगळ्या आळीचं विरजण एकाच दिवशी वाहून गेलं होतं. ब्लँकेटं वाटली गेली, शेगड्या वाटल्या, पाण्याच्या टाक्या आल्या. विरजण कुणी वाटलं नाही. पण आता प्रत्येक शेडमध्ये दही लागत होतं. म्हणजे ते कुणाच्या तरी हातून कुणाच्या तरी हाती गेलं होतं. मागणाऱ्यानं तोंड उघडलं होतं, देणाऱ्यानं वाटी भरली होती. "कागदावर सगळे सांगतात, आमची सगळ्यांशी एकी आहे," मॅडम म्हणायच्या. "वाटी घेऊन माणूस कुणाच्या दारात जातो ते सांगत नाहीत. मला ते दार पाहिजे."

आणि त्यातही एक बारकावा त्यांनी पकडला होता. दिवे लागल्यावर आमच्याकडं विरजण घराबाहेर देत नाहीत. दूध, मीठ, सुई नाही देत तसंच. घरातली बरकत जाते म्हणतात. सख्ख्या जावेलाही "सकाळी ये" म्हणून वाटेला लावतात. म्हणून मॅडम प्रत्येक ठिकाणी शेवटी विचारायच्या, "दिवसा दिलं की दिवे लागल्यावर?" दिवसा दिलेल्याची रेघ निळी. दिवे लागल्यावर दिलेल्याची लाल.

चार मोठे कागद चिकटवून त्यांनी नकाशा केला होता. त्यावरची नावं माझ्याकडून लिहून घेतली, कारण त्यांचं अक्षर त्यांनाच लागायचं नाही. निळ्या रेघा भरपूर होत्या. लाल मोजक्याच. नावं लिहिता लिहिता माझा हात थांबला. एक लाल रेघ शेड सोळावरून निघून सतराला आली होती.

शेड सोळा म्हणजे कांताकाकू. जुन्या आळीत आमच्या भिंतीला तिची भिंत होती. पूर येण्याआधी सहा वर्षं आई तिच्याशी बोलत नव्हती. भांडण मोरीच्या पाण्यावरून झालेलं. काकूची मोरी आमच्या अंगणात उतरायची. त्यावरून दोघींनी एकमेकींच्या माहेरापर्यंत मजल मारली होती आणि मग जे तोंड मिटलं ते मिटलंच. शेडचे नंबर लागले तेव्हा पुन्हा शेजारीच आल्या. आईनं मधे गोणपाटाचा पडदा बांधला.

"मॅडम, हे चुकलंय," मी म्हणाले. "आमचं विरजण मामाकडनं आलंय."

"तुझ्या आईनं तसं सांगितलं. कांताबाई म्हणाल्या, खर्ड्याहून माझ्या भावजयीनं डबा पाठवला, त्यातलं दिवे लागल्यावर वाटीभर नेऊन सतराच्या उंबऱ्यात ठेवलं. पत्रा वाजवला आणि निघून आले."

"म्हणजे आई खोटं बोलली."

"खोटं नाही गं. लाज आहे ती. लाजेची खूण वेगळी करायची." त्यांनी त्या लाल रेघेवर मधोमध एक गाठ काढली. घरी जाऊन आईला काही बोलायचं नाही, एवढं मात्र मला तीन वेळा बजावलं.

त्या गाठीपासून मी त्यांच्यामागं फिरायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

डेअरीवर सकाळी पुरुषमंडळी दूध घालायला यायची, तेव्हा मॅडम तिथं हजर असायच्या. रांगेच्या या टोकाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या टोकाला जाऊन ऐकायच्या. आळीतले बापूकाका एकदा माझ्यापुढं किटली ठेवत म्हणाले, "वैशे, ही बाई भिंगरी हाय का काय? हिची दोरी वढली कुनी?" तेव्हापासून त्यांचं नाव भिंगरी मॅडम पडलं. त्यांना कळलं तेव्हा खूश झाल्या. म्हणाल्या, थांबली तर पडते, बरोबर आहे.

माणसाला बोलतं करायचा त्यांचा एकच शब्द होता: "मग?" तोही सरळ डोळ्यांत बघून. बापूकाका आल्यागेल्याला पुराची गोष्ट सांगायचे. ती मॅडमनाही सांगायला लागले. "चौघांना वढून काढलं म्याडम, ह्या हातांनी."

"मग?"

"मग काय, पानी छातीला लागलं."

"मग?"

"मग मी बाभळीवर चढलो."

"आणि ते चौघं?"

बापूकाकांनी किटलीचं झाकण काढलं, लावलं. "त्ये आदीच वर हुते."

"मग तुम्हाला कुणी ओढलं?"

रांगेत हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "बायकूनं! एका हातात शेळी, एका हातात ह्यो!" बापूकाकाही हसले. त्या दिवसानंतर ते ती गोष्ट खरी सांगायला लागले आणि खरी जास्त रंगायची.

हे सगळं चाललेलं असताना डोक्यावर टांगती तलवार होतीच. खालच्या आळीला पुन्हा नदीकाठी बांधू देणार नव्हते. वरच्या माळावर चाळीस प्लॉट पाडले होते. कुणाला कुठला, हे ठरायचं होतं. रोज नवी अफवा. कुणाचा तरी मेहुणा तहसीलला, म्हणून त्याला रस्त्याकडचा. कुणी तरी आधीच खुंट्या ठोकून आलंय. माणसं कामावर जायची आणि दुपारीच परत यायची, आपल्यामागं काही ठरेल म्हणून.

शेवटी कचेरीतले साहेब आले. शाळेच्या पटांगणात बैठक झाली. साहेब माणूस सरळ होता. म्हणाला, "मी कुणाचं नाव घेत नाही आणि कुणी माझं घेऊ नका. घरागणिक चिठ्ठी काढू. ज्याचं नशीब त्याचा प्लॉट."

मी उभी राहिले. बायकांमधून उठून अशा बैठकीत बोलणारी मी पहिलीच. म्हटलं, "चिठ्ठीला जात नाही, भावकी नाही, वशिला नाही. चिठ्ठीइतका स्वच्छ न्याय दुसरा नाही." पेपरात लिहिल्यासारखं बोलले. टाळ्या पडल्या. अण्णांनी मान ताठ करून आजूबाजूला बघितलं. मी मॅडमकडं बघितलं. त्या पटांगणातल्या लिंबाभोवती फेऱ्या मारत होत्या. पंधरा-वीस झाल्या असतील. लवंग चावल्याचा आवाज मला लांबून ऐकू येतोय असं वाटलं.

बैठक मोडल्यावर जवळ आल्या. मला वाटलं, शाब्बास म्हणतील.

"उद्या सकाळी मोकळी आहेस? आईला घे. कांताबाईंनाही मी सांगितलंय."

जीपमध्ये मधे मॅडम, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला कांताकाकू. दोघी आपापल्या खिडकीबाहेर बघत होत्या. जीप जिथं थांबेल तिथं मॅडम उतरून उभ्या राहायच्या. तासाभरात एक गाव आलं. त्याचं नाव लिहायचं नाही असं त्यांनी मला सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. तेही पुरानं उठवलेलं, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी. पक्की घरं, सरळ रांगा, मधे रुंद रस्ते. लांबून बघून आई म्हणाली, "किती ग्वाड बांधल्यात!"

जवळ गेलो. दाराला कुलूप. पुढचं दार, कुलूप. त्याच्या पुढच्या अंगणात बाभूळ दाराच्या वर गेलेली. एका ओळीत चार-पाच कुलपं, मग एखादं उघडं घर, परत कुलपं. माणसं कुठं गेली? मॅडमनी हात दाखवला. खाली ओढ्याच्या काठाला, जिथून त्यांना उठवलं होतं तिथंच, पत्रे आणि कुडाच्या झोपड्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. चुलींचा धूर येत होता.

एका उघड्या घरातून एक म्हातारा बाहेर आला. डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाला, "आल्या का चिठ्ठीवाल्या बाई! यंदा उशीर केला."

मला कळेना. मॅडमनी पिशवीतून त्याच्यासाठी आणलेली तपकिरीची डबी काढून दिली. त्यानं आम्हाला पाणी दिलं. आईनं विचारलं, "बाबा, घर झकास हाय की. लोकं का ग्येली?"

"घर झ्याक हाय. स्ल्याप गळत न्हाई, भित फुगत न्हाई." म्हातारा उंबऱ्यावर टेकला. "माजी म्हातारी ग्येली. मयतीला गाव आला, खांदा दिला, समदं झालं. मानसं घरला ग्येली. आता घरात चूल पेटवायची न्हाई म्हनल्यावर भाकरी शेजारनं यायाची ना? तर शेजार कुटं हाय? ह्या अंगाला वरच्या वाडीचा पावना, त्याला मी ठावं न्हाई. त्या अंगाला कुलूप. माजा शेजारी पार त्या टोकाला, चिठ्ठीत तिकडं उडालेला. त्याला वाटलं, जवळच्यांनी दिली असंल. जवळच्यांना वाटलं, त्याच्या मानसांनी दिली असंल. दोन दिस मी आन माजी नात पानी पिऊन बसलो." त्यानं डबीतली चिमूटभर तपकीर काढली. "कुनाची चूक न्हाई बाई त्यात."

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. कांताकाकू कुलपांकडं बघत होती.

जीपकडं परत येताना मॅडम रस्त्याच्या कडेनं चालत बोलल्या, माझ्याकडं न बघता. "इथं चिठ्ठी काढा, हे मीच लिहून दिलं होतं. तेव्हा या कामात नवीन होते. तुझ्यासारखीच भाषा होती माझी. चिठ्ठीला जात नाही, वशिला नाही. तिथल्या साहेबांनी माझा कागद वाचून दाखवला होता आणि टाळ्या पडल्या होत्या." मग म्हणाल्या, "दर वर्षी येते. कुलपं मोजत नाही. नुसती बघते."

बापूकाकांनी विचारलं होतं ना, हिची दोरी कुणी ओढली. मला त्या रस्त्यावर कळलं.

फाट्यावर कांताकाकूनं पेरू घेतले. एक माझ्या हातात दिला. "तुज्या आयला दे." आई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. मी दिला. आईनं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमबरोबर कचेरीत गेले आणि स्वतःचंच बैठकीतलं बोलणं मागं घेतलं. पदवीधर माणसाला हे जड जातं, खरं सांगते. मॅडमनी साहेबांपुढं नकाशा पसरला. त्यांचं मागणं एवढंच होतं: चिठ्ठी काढा, पण घराची नको, ओळीची काढा. नकाशात ज्यांचे धागे एकमेकांत आहेत अशा दहा-दहा घरांचे चार गट करा. प्रत्येक गटानं एक चिठ्ठी उचलायची. ओळ नशिबानं, शेजार आपल्या मनानं.

साहेबांनी बराच वेळ लाल रेघांवरून बोट फिरवलं. "दह्यावरून प्लॉट वाटले असं वर लिहू का मी?" मग म्हणाले, "चाळीस घरांची लेखी संमती आणा. शुक्रवारपर्यंत. एक सही कमी पडली, तरी चिठ्ठी घरागणिक."

चार दिवस होते. मला वाटलं, मॅडम आता घरोघर जाऊन पटवतील. त्यांनी नकाशावरून केलेली चार गटांची यादी डेअरीच्या भिंतीवर टांगली आणि तिच्याखाली संमतीचा कागद ठेवला. बस.

"तुम्ही सांगा ना लोकांना!" मी भांडले. "तुमचं ऐकतील."

"ऐकतील म्हणूनच नाही सांगणार. मी एकदा सांगितलेलं तू बघून आलीस."

सांगितलं ते आई आणि कांताकाकूनं. एकमेकींशी न बोलता, वेगवेगळ्या शेडमध्ये जाऊन, पण गोष्ट तीच, म्हाताऱ्याच्या दोन दिवसांच्या पाण्याची. डेअरीवर चेष्टा झाली. "आता शेजार बी बाया ठरवनार व्हय?" बापूकाका म्हणाले, "मला बाभळीवर बायकूनंच वढलं. माजा आंगठा घे," आणि पहिला अंगठा त्यांनी उठवला. मंगळवार, बुधवार सह्या वाढत गेल्या. गुरुवारी दुपारी एकोणचाळीस झाल्या.

चाळिसावी आमची होती.

अण्णा सही करत नव्हते. आणि त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. "घरागणिक चिठ्ठी निघाली तर रस्त्याकडचा प्लॉट लागंल. दहा प्लॉट हायेत रस्त्याला, चारात येक चान्स हाय. न्हाई लागला तर कुनाशी तरी बदलून घीन, गटात बांदलो ग्येलो की त्ये बी जमायचं न्हाई. घराम्होरं दुकान हुईल. पोरगी शिकवली, आता माजं मशीन तरी उभं ऱ्हाऊ द्या." ते दाराशी बसून मशीनच्या दांड्याला रॉकेल लावत होते.

मॅडम बाहेर उभ्या होत्या. मला वाटलं, आता तरी बोलतील. त्या म्हणाल्या, "अण्णा, तुमचं बरोबर आहे," आणि पुढं गेल्या. चाल मात्र नेहमीची नव्हती. गोठ्यापर्यंत गेल्या, परत आल्या, परत गेल्या.

ते रमजानचे दिवस होते. आईला पत्ता नव्हता. तीन दिवस मॅडम चहाला नको म्हणत होत्या आणि आई मनात धरून बसली होती, आपलं घर अडून बसलंय म्हणून बाई चहा पीत नाहीत. त्या संध्याकाळी तिनं मला विचारलंच. मी म्हटलं, "अगं, रोजे चालू आहेत त्यांचे."

"म्हंजे दिसभर पानी बी न्हाई? आन ह्या उन्हात फिरत्यात?" आई उठलीच. "सुटतो कवा उपास?"

"दिवेलागणीला."

"खजूर असंल त्यांच्याकडं. पन पोटात गार काय पडंल? दही-साखर द्यावी." तिनं मडकं उघडलं. आमचं दही दुपारीच संपलं होतं. तळाला विरजणापुरतं चिकटलेलं.

समोरच्या शेडमधल्या दोघी-तिघी जमल्या. दही कुणाकडं आहे? कांताकाकूकडं. मग लगेच दुसरी अडचण निघाली. "आगं, पन दिवे लागल्यात. आता दही भाईर द्यायचं न्हाई."

"आन त्यांचा उपास सुटतो कवा? दिवे लागल्यावरच!"

"आपला नेम मोडायचा का त्यांचा?"

"तसं न्हाई. घरी न्यायचं असंल तर नेम. हितंच खाल्लं तर काय?"

"तुला कुनी सांगितलं?"

"मीच सांगते!"

मॅडम लांब उभ्या राहून मोबाईलमध्ये वेळ बघत होत्या. हा वाद त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. आई वादात नव्हती. ती वाटी घेऊन गोणपाटाच्या पडद्यापाशी गेली होती. तिथं थांबली. मी बघत होते, अण्णाही बघत होते, रॉकेलचा फडका हातात तसाच. आईनं पडदा बाजूला केला.

"कांते."

आईनं पत्रा वाजवला.

"कांते, दही दे."

कांताकाकू दारात आली. साडेसहा वर्षांनी दोघी समोरासमोर. "दिवा लागलाय," काकू म्हणाली.

"मला दिसत न्हाई व्हय? दे म्हनते ना. मागं तू न मागता दिलंस, तवा दिवा लागलेलाच हुता."

काकूनं वाटी घेतली, आत गेली, काठोकाठ भरून आणली. देताना म्हणाली, "वाटी परत आनून दे. मागल्या येळची अजून तुज्याकडंच हाय."

"हाय. घासून ठिवलीय."

आईनं वर साखर भुरभुरली आणि मॅडमपुढं धरली. "बसा बाई."

"बसते ना," म्हणाल्या, आणि त्या दिवशी आपण होऊन बसल्या. सतराच्या उंबऱ्यात, पाय पुढं सोडून. खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायल्या, मग दही खाल्लं. बोटानं वाटी पुसून खाल्लं. गळ्यातलं पेन हललं नाही. "मग?" म्हणाल्या नाहीत.

अण्णा उठले. हात धोतराला पुसले. "वैशे, कागद कुटं हाय?"

मी डेअरीकडं पळत जाऊन आणला. त्यांनी सही केली. त्यांना सही येते, तिला पाच मिनिटं लागतात. मग मान वर न करता म्हणाले, "दुकानाला काय, मी चालत जाईन. दिवे लागल्यावर हिनं कुटवर चालत जायाचं?"

शनिवारी चार चिठ्ठ्या निघाल्या. आमच्या गटाला रस्त्यापासून सगळ्यात लांबची ओळ लागली. अण्णांनी नशिबाला आणि चिठ्ठीला अस्सल गावरान शिव्या हासडल्या आणि आठ दिवसांत फाट्यावर टपरी टाकली. आता फाट्यावर पाटी आहे, मोटार भरून मिळेल. मशीनचा दांडा फिरतो.

मॅडमचा अहवाल नंतर टपालानं आला. मी पहिलं पान उघडलं. मला वाटलं होतं आमच्या गावापासून सुरुवात असेल. सुरुवात त्या दुसऱ्या गावापासून होती. चिठ्ठीची शिफारस मी केली होती आणि ती चुकली, असं दोन ओळींत, स्वतःच्या नावानिशी. म्हाताऱ्याच्या घरचं सगळं त्यात होतं, फक्त गावाचं नाव नव्हतं. त्या दोन ओळी वाचून मी एम.ए.ला नाव घातलं.

घरं पुरी झाली तेव्हा प्रवेशाचा कार्यक्रम झाला. मांडव होता, खुर्च्या होत्या, पाहुणे होते. मॅडम सकाळच्या एसटीनं आल्या. मांडवाकडं फिरकल्या नाहीत. पहिल्या ओळीपासून चालत निघाल्या. प्रत्येक दाराच्या कडीला हात लावायचा, कडी हलवून बघायची, पुढं जायचं. चौथ्या ओळीत आमच्या दाराशी आल्या. आमच्या आणि कांताकाकूच्या भिंतींमध्ये यावेळी हातभर जागा सोडलीय, मोरीसाठी. पाणी कुणाच्या अंगणात उतरणार यावरून दोघींचं सकाळीच वाजलं होतं. मॅडमनी ते उभं राहून पूर्ण ऐकलं.

"बसा बाई," आई म्हणाली.

"बसते ना."

भाषणं सुरू झाली तेव्हा मी त्यांना शोधायला निघाले. त्या फाट्यावर पोचल्या होत्या. जामखेड-नगर एसटी लागली होती. मी पळाले, पण गाडी सुटली. खिडकीतून दिसल्या. गाडी निम्मी रिकामी होती आणि त्या दांड्याला धरून उभ्या होत्या, तोंड पुढच्या काचेकडं.

पुढच्या महिन्यात त्यांच्या त्या गावी, म्हाताऱ्याकडं मी गेले. तपकिरीची डबी घेऊन. आता दर वर्षी जायचं ठरवलंय.

वरच्या माळावर आमची चाळीस घरं आहेत. एकाही दाराला कुलूप नाही.